निरगाठ आणि सुरगाठ: वेदगंगेकाठच्या एका भीतीचं प्रकरण

2019 चा सप्टेंबर. पूर ओसरून महिना होत आला होता. भगिनी मंडळाची प्रार्थना आटोपली, बायका चटया गुंडाळून घरोघरी गेल्या आणि एक जण मागं थांबल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "पाळकसाहेब, माझं नाव मंडळीच्या पटावरनं काढून टाका."

मला वाटलं कुणी काही लागेल असं बोललं असेल. "का हो मावशी? काय झालं?"

"माझ्यात इश्वासच न्हाई. असता तर पाण्याला एवढी भ्याले असते का?"

त्या दिवशी मी त्यांना चुकीचं उत्तर दिलं. बरोबर उत्तराच्या जवळ पोचायला मला पुढं बरेच महिने लागले. मंडळीतल्या, म्हणजे आपल्या चर्चमधल्या, ज्यांना घाबरलेल्या माणसाशेजारी बसायची वेळ येते, मग ते पाळक असोत, मंडळीचा कारभार पाहणारे वडील असोत, संडे स्कूल घेणाऱ्या ताई असोत, त्यांच्यासाठी हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे. मावशींची परवानगी घेतली आहे. गावाचं नाव देत नाही आणि त्या ओळखू येऊ नयेत इतपत घरचे तपशील बदलले आहेत. सगळी मंडळी त्यांना मावशी म्हणते, मीही तेच म्हणतो.

नदी आणि घर

वेदगंगा भुदरगडच्या डोंगरातून येते. पाटगावचं धरण, गारगोटी, मुरगूड असं करत ती निपाणी तालुक्यात शिरते, म्हणजे महाराष्ट्रातून कर्नाटकात येते. पुढं दूधगंगेला आणि तिच्यासोबत कृष्णेला मिळते. पाऊस पडतो तिकडं, पाणी चढतं इकडं. धरणातून किती पाणी सोडलं ही बातमी कोल्हापूरकडून मराठीत फोनवर येते आणि गाव खाली करा ही सूचना गाडीवरच्या भोंग्यातून कन्नडमध्ये येते. मावशींना बाजारापुरतं कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. चौथीपर्यंतची शाळा मराठी, बायबल मराठी, रेशनकार्ड कन्नड. सीमाभागात यात नवल काहीच नाही, पण भीतीच्या दिवसांत याला फार वजन येतं. भोंगा ओरडत जातो, त्यात आपल्या गल्लीचं नाव ऐकू येतं आणि पुढचं कळत नाही. त्या न कळलेल्या अर्ध्या वाक्यात माणूस स्वतःच्या मनातलं सगळं वाईट भरतो.

मावशी विधवा आहेत. घरात मुलगा, सून आणि नात. मुलगा कागलच्या एमआयडीसीत कामाला, त्यामुळं रोज राज्याची हद्द ओलांडून जायचं आणि यायचं. मावशी घरी बिड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि जर्दा, दिवसभर बोटं चालू. दारात पडवी आणि पडवीत एक शेळी. भिंती मातीच्या, वर पत्रा.

ती रात्र

ऑगस्ट 2019 च्या पहिल्या आठवड्यात बेळगाव जिल्ह्यातली जवळजवळ प्रत्येक नदी पात्राबाहेर होती. संकेश्वरात हिरण्यकेशी, गोकाकला घटप्रभा, चिकोडीच्या काठच्या गावांत कृष्णा. यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी पुणे-बंगळूर महामार्गावर चढलं आणि रस्ता कित्येक दिवस बंद राहिला. मावशींचा मुलगा रात्रपाळीला गेला होता, तो पलीकडंच अडकला.

पाणी रात्री आलं, वीज गेल्यावर. सुनेनं कागदपत्रांची पिशवी घेतली, मावशींनी सहा वर्षांच्या नातीला खांद्यावर टाकलं आणि तिघी उंचावरच्या शाळेत पोचल्या. तिथं मावशींना शेळी आठवली. कुणाला न सांगता त्या परत फिरल्या. पडवीत कमरेइतकं पाणी होतं. दावं भिजून फुगलेलं, गाठ घट्ट बसलेली. जवळ विळा नाही, हाताला काही लागत नाही, अंधारात बोटांनी गाठ उकलायचा प्रयत्न करत त्या उभ्या राहिल्या. शेजारच्यानं दंडाला धरून ओढून काढलं तेव्हा पाणी छातीला लागलं होतं.

यातलं शेवटचं मला नोव्हेंबरपर्यंत माहीत नव्हतं. सप्टेंबरात मला एवढंच ठाऊक होतं की घराची एक भिंत गेली आहे. पाहणीत घर 'सी' वर्गात बसलं, म्हणजे डागडुजीपुरतेच पैसे मिळणार. आणि बाई झोपत नाहीत. पत्र्यावर दोन थेंब वाजले की उठून बसतात. छातीत धडधड, तळहाताला घाम. ओल्या मातीचा वास आला की मळमळ. बिड्यांची छाट, म्हणजे नापास होणाऱ्या बिड्या, वाढली, कारण बोटं थरथरत.

आम्ही काय केलं

वाईट हेतू कुणाचाच नव्हता, हे आधी सांगतो. बायका त्यांच्यासाठी प्रार्थना करत होत्या, डबे पोचवत होत्या. पण प्रत्येक डब्यासोबत एक वाक्य जात होतं. "भिऊ नका, विश्वास ठेवा." "भीती सैतानाकडनं येते, तिला जागा देऊ नका." एकीनं सांगितलं की बायबलमध्ये 'भिऊ नको' 365 वेळा आलंय, वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक. हे वाक्य आपल्याकडं फार फिरतं. मोजून पाहिलं तर आकडा तिथवर जात नाही. पण मला खटकतं ते वेगळंच. हे शब्द बायबलमध्ये कुणाला ऐकू येतात ते पाहावं. पाणी संपलेली पखाल घेऊन रानात पोरापासून लांब जाऊन बसलेली हागार. रात्री मेंढरं राखणारे मेंढपाळ. देवदूत समोर आल्यावर गोंधळून गेलेली मरिया. शब्द ऐकणारा प्रत्येक जण आधीच भ्यालेला आहे आणि शब्दांच्या मागोमाग बहुतेक वेळा एक 'कारण' येतं: कारण मी तुझ्याबरोबर आहे, कारण देवानं मुलाचा आवाज ऐकला आहे. तो 'कारण' गाळून नुसतं 'भिऊ नको' म्हटलं की उरतो तो दटावणीचा सूर.

सगळ्यात मोठी चूक माझी. पूर ओसरल्यानंतर तिसऱ्या रविवारी मी वादळ शांत केल्याच्या प्रसंगावर संदेश दिला. वचन मत्तयाच्या शुभवर्तमानातून घेतलं. तिथं येशू आधी शिष्यांना अल्पविश्वासी म्हणतो आणि मग वाऱ्याला धमकावतो. मी त्या पहिल्या वाक्यावरच वीस मिनिटं बोललो. समोर चिखल धुवून आलेली माणसं बसली होती. मावशी चौथ्या रांगेत होत्या. नाव कमी करायला त्या आल्या त्या त्याच आठवड्यात.

नंतर मी मार्काचं शुभवर्तमान उघडलं. मार्कात क्रम उलटा आहे. शिष्य त्याला हलवून जागं करतात, आम्ही बुडतोय याची तुम्हाला काळजी नाही का, असं जवळजवळ भांडतच विचारतात. तो उठतो, आधी वाऱ्याला आणि समुद्राला गप्प करतो आणि सगळं निवांत झाल्यावर विचारतो की तुम्ही एवढे का भ्यालात. बुडणाऱ्याला तो बुडत असताना परीक्षेला बसवत नाही. आणखी एक बारकी ओळ मार्कातच आहे, जी मी इतकी वर्षं वाचून पुढं गेलो होतो: त्या रात्री पाण्यावर त्याच्याबरोबर दुसरीही होडकी होती.

नोव्हेंबर

नोव्हेंबरात मी त्यांच्या घरी गेलो ते संदेश न द्यायचं ठरवून. माझी पत्नी सोबत होती. मावशी सूप घेऊन बसल्या, आम्ही शेजारी बसलो. अर्धा तास पानांच्या भावावर, मुलाच्या पगारावर, सुनेच्या माहेरावर गेला. मग पत्नीनं सहज विचारलं, "शेळी कुठं गेली हो तुमची?"

सूप खाली ठेवलं गेलं. मावशी बोलायला लागल्या त्या थांबेनात. दावं, अंधार, बोटं. "मीच बांधलेली वो. निरगाठ. कुणी सोडवून न्हेऊ नये म्हणून घट्ट बांधलेली. शाळंत बसले तरी तिचं वरडणं ऐकू येत हुतं. मग येईना झालं." आणि मग जे म्हणाल्या त्यानं मला कळलं की आम्ही दोन महिने भलत्याच दुखण्यावर औषध लावत होतो. "मी देवाला हाक मारली न्हाई. त्या टायमाला मला देव आठवलाच न्हाई. निस्ती गाठ आठवत हुती."

मी पिशवीतून बायबल काढलं आणि 69 वं स्तोत्र वाचलं. पाणी माझ्या गळ्याशी आलं आहे, मी खोल चिखलात रुतलो आहे, पाय टेकायला ठाव नाही, हाका मारून मारून माझा घसा सुकला आहे. मावशींनी हात पुढं करून मला थांबवलं. "हे बायबलात हाय?"

"आहे."

"मग आमाला कुणी सांगिटलं कसं न्हाई?"

या प्रश्नावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. आपल्या उपासनेत आपण स्तुतीची स्तोत्रं गातो. विलापाची पुस्तकातच राहतात. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रं किती मोठ्या संख्येनं आहेत हे कुणीही चाळून पाहावं. 88 वं तर काळोखातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळसुद्धा नाही, आणि तरी ते प्रार्थना म्हणूनच जपलं गेलं. बोलणारा अजून देवाशीच बोलतोय, एवढंच त्यात शिल्लक आहे. मला वाटतं भरवसा पुष्कळदा एवढाच असतो. 56 व्या स्तोत्रात भरवशाचा शब्द आहे तो 'मला भीती वाटेल तेव्हा'ला जोडून आलेला आहे. मावशींना मी ते वाक्य दाखवलं. त्यांनी बोट ठेवून दोनदा वाचलं आणि 'तेव्हा'वर थांबल्या.

मग पुढं

रोज दिवेलागणीला त्या मोठ्यानं बोलू लागल्या. आज कशाची भीती वाटली ते देवाला नाव घेऊन सांगायचं. त्यानंतर स्तोत्रातल्या दोन ओळी. तेवढंच. पावसाच्या रात्री भगिनी मंडळातल्या दोघी आळीपाळीनं त्यांच्याकडं झोपायला जायच्या. त्यांना मी एकच विनंती केली होती की उपदेश करू नका. मार्कातली ती दुसरी होडकी माझ्या डोळ्यांपुढं होती.

भोंग्याचं काम मी माझ्याकडं घेतलं. कन्नड नोटीस आली की तिचा मराठी अर्थ कागदावर लिहून गल्लीत वाचायचा. धरण फुटल्याची अफवा फोनवर आली की आधी तालुक्याला विचारायचं, मगच बोलायचं. याला पाळकीय सेवा म्हणावं का, असं एका वडिलांनी विचारलं. मी हो म्हणालो आणि आजही म्हणतो. खोट्या बातमीनं माणूस रात्रभर जागा राहत असेल तर खरी बातमी पोचवणं हे सेवेतच मोडतं.

आणि दवाखाना. झोप तीन महिने गेलेली, छातीत धडधड, तेच तेच चित्र डोळ्यांपुढं, हे नुसत्या प्रार्थनेवर सोडणं मला योग्य वाटलं नाही. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मनोविकाराचे डॉक्टर ठरलेल्या दिवशी येतात, तिथं जाऊ म्हटलं. मावशी घाबरल्या. "गोळी खाल्ली तर देवावर भरवसा न्हाई असं हुईल का?"

मी त्यांना एलीयाची गोष्ट सांगितली. जिवाच्या भीतीनं पळालेला संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली पडून मरण मागतो. देवदूत येतो तो त्याला विश्वासाबद्दल काही विचारत नाही. उठ आणि खा, म्हणतो. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. एलीया खातो, पुन्हा झोपतो आणि देवदूत पुन्हा उठवून खायला घालतो. देवाच्या डोंगराकडची वाट नंतर. "म्हणजे त्येला बी आधी झोपच दिली," मावशी म्हणाल्या. सोबत सून गेली. गोळ्या काही महिने चालल्या, मग डॉक्टरांनीच हळूहळू कमी केल्या. आता 14416 हा टेली-मानसचा फोन आहे, ऑक्टोबर 2022 पासून. तेव्हा नव्हता. मंडळीच्या सूचनाफलकावर तो आकडा मी लावून ठेवला आहे.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली. कोगनोळीला हद्द बंद झाली. मुलगा पुन्हा पलीकडं अडकला, या खेपेला पाण्यावाचून. घर ते कागल, एरवी सकाळी जाऊन संध्याकाळी यायचं अंतर. बिडीचं काम थांबलं. मला वाटलं, सगळं केलेलं वाया जाणार. रोज संध्याकाळी फोन करायचो. एकदा त्यांनीच विचारलं, "तुमाला भ्या वाटतं का हो, पाळकसाहेब?" मी खरं सांगितलं की वाटतं, रात्री मीही जागा असतो. "मग ऐका," म्हणाल्या आणि त्यांनी मला फोनवर 69 वं स्तोत्र वाचून दाखवलं, अडखळत, चौथीच्या वाचनानं. इतक्या वर्षांच्या सेवेत मला कुणी असं वाचून दाखवलं नव्हतं.

पाट

पुरानंतर मावशींनी जनावर पाळलं नव्हतं. पडवीतला खुंटा उपटून टाकला होता. 2021 च्या जानेवारीत त्या बाजारातून शेळीची एक पाट, म्हणजे तरणी मादी, घेऊन आल्या. बिडीचे साठवलेले पैसे होते. मुलगा चिडला. नदी तिथंच आहे, पावसाळा येणारच आहे, पुन्हा कशाला हा व्याप?

मला यिर्मयाच्या 32 व्या अध्यायातलं शेत आठवलं. यरुशलेमेला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलेला, यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कोंडलेला आणि शहर पडणार हे त्यानंच सांगितलेलं. अशा वेळी तो अनाथोथचं शेत विकत घेतो. 17 शेकेल रुपं ताजव्यात तोलतो, साक्षीदार बोलावतो, सही-शिक्का करतो आणि खरेदीखत आपला लेखनिक बारूख याच्याकडून मडक्यात ठेववतो, पुष्कळ दिवस टिकावं म्हणून. ज्या जमिनीवर शत्रूचं सैन्य उभं आहे तिचं खरेदीखत. या देशात पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील, असं परमेश्वरानं सांगितलं म्हणून. ख्रिस्ती आशा म्हणजे काय, हे समजवायला मला याहून चांगला व्यवहार सापडत नाही. वेढा उठलेला नाही आणि पैसे मोजून झाले आहेत. आपण तर येशूच्या रिकाम्या कबरेच्या अलीकडं नाही, पलीकडं उभे आहोत. आपल्याकडं मडक्यातल्या कागदाहून मोठी साक्ष आहे.

मावशींना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी ऐकून घेतलं आणि पाटीचं दावं माझ्या हातात दिलं. "वढा." मी ओढलं. गाठ एका हिसक्यात सुटली. सुरगाठ होती.

जुलै 2021

22 जुलैपासून पावसानं धरलं. वेदगंगा पुन्हा चढली. या वेळी सूचना दिवसाउजेडी आली, मी मराठीत वाचली आणि लोक वेळेत निघाले. मावशी भीतीनं पांढऱ्या पडल्या होत्या, हात थरथरत होते. मी पाहिलं आहे, म्हणून त्या शांत होत्या वगैरे लिहिणार नाही. त्यांनी सुनेला आणि नातीला पुढं पाठवलं, पाटीचं दावं ओढून सोडलं आणि कमरेला विळा खोचून गल्लीतून निघाल्या. ज्या ज्या गोठ्यात जनावर बांधलेलं दिसलं तिथं थांबून दावं कापत गेल्या. दोन म्हशी, एक रेडकू, चार-पाच शेळ्या. एक मालक नव्या दाव्यासाठी भांडला, त्याला म्हणाल्या, "भरून देते, आधी हाल." तोंडानं काहीतरी पुटपुटत होत्या. नंतर मी विचारलं. "त्योच आपला, गळ्याशी पानी आल्याला."

लोक उंचावरच्या शाळेत जमले. 2019 ला पूरग्रस्तांच्या अशा निवाऱ्यांना गंजी केंद्र म्हणायचे, तिथं गंजी म्हणजे पेज मिळायची म्हणून. आता शाळेच्या दारावर कन्नडमध्ये वेगळा फलक होता. नात आठ वर्षांची झाली होती, कन्नड शाळेत जाणारी. तिनं आजीला एकेक अक्षर लावून वाचून दाखवलं: का-ळ-जी केंद्र. मावशी हसल्या. आपल्या मराठीत मनाला कुरतडते तीही काळजी आणि जी कुणी आपली घेतं तीही काळजीच. कन्नडच्या फलकावर आपला शब्द, नातीच्या तोंडून. मी त्या रात्रीच्या प्रार्थनेत पेत्राच्या पहिल्या पत्रातलं वचन घेतलं, आपली सारी चिंता त्याच्यावर टाका, कारण त्याला तुमची काळजी आहे. वर्गात शंभरेक माणसं होती, सगळ्या जातिधर्मांची. ज्यांना ऐकायचं होतं ते जवळ सरकले. संदेश दिला नाही.

जे सुटलं नाही तेही लिहायला हवं. मावशींचा मुलगा 2019 नंतर चर्चला येत नाही. देवानं माझ्या आईला त्या पाण्यात उभं का केलं, असं तो विचारतो. मी त्याला उत्तर देत नाही, कारण माझ्याकडं नाही. महिन्यातून एकदा त्याच्यासोबत चहा पितो. आणि मंडळीतल्या एका ज्येष्ठ वडिलांना अजून वाटतं की मी लोकांना भीती बोलायला शिकवून त्यांचा विश्वास पातळ केला. आम्ही यावर प्रेमानं वाद घालतो. त्यांनी मावशींना स्तोत्र वाचताना ऐकावं, एवढंच माझं मागणं आहे.

पाटीला आता दोन करडं आहेत. पाऊस सुरू झाला की मावशी रात्री कंदील घेऊन पडवीत जातात, तिन्ही दावी एकदा ओढून बघतात, सुटतात की नाही, आणि पुन्हा बांधतात. नातीनंही गाठ शिकून घेतली आहे. मग आत येऊन आडव्या होतात. कधी झोप लागते, कधी लागत नाही.